पाहुण्याची सुटी, यजमानाचे पाणी

मराठीत 'भेट' हा शब्द दोन अर्थांनी चालतो. एक माणूस दुसऱ्याच्या दारी जातो ती भेट, आणि त्याच्या हातावर काही ठेवतो तीही भेट. व्याकरणकार ह्याला योगायोग म्हणतील. आम्हांला मात्र त्यात आपल्या पूर्वजांची समज दिसते. जो रिकाम्या हाताने आला त्यानेही काहीतरी आणलेच; तो स्वतः आला. पण ह्या समजुतीचा आधार घेऊन आपण किती काळ रिकाम्या हाताने जात राहावे, हा प्रश्न उरतोच, आणि मे महिन्याच्या सुटीत तो अधिक टोकदार होतो.

ख्रिस्तसभा ३१ मे रोजी पवित्र मरियेने एलिझाबेथला दिलेल्या भेटीचा सण पाळते. १९६९ च्या उपासना-पंचांगातील सुधारणेपूर्वी हा सण २ जुलैला येत असे. नवी तारीख ठरवताना महाराष्ट्रातील शाळांच्या सुटीचा विचार रोममध्ये कोणी केला नसणार. तरी ती तारीख आमच्या कुटुंबांना चपखल बसली आहे. त्या सुमारास आपली मुले मामाच्या, मावशीच्या, आजीच्या घरी असतात आणि मोठी माणसे त्यांना परत आणण्याच्या तयारीत असतात. संत लूक सांगतो की मरिया लगबगीने डोंगराळ प्रदेशाकडे निघाली. नाझरेथपासून यहुदियाच्या त्या डोंगरांपर्यंतचे अंतर शंभर किलोमीटरांहून अधिक भरते. ती तेथे सुमारे तीन महिने राहिली. त्या तीन महिन्यांत तिने काय केले, हे लूक सांगत नाही. पण वयोवृद्ध, गरोदर आणि ज्याच्या पतीची वाचा गेली आहे अशा घरात एक तरुण मुलगी तीन महिने राहते, तेव्हा विहिरीवरून पाणी कोण आणत असेल, हे सांगायला शास्त्री लागत नाही.

येथपर्यंत प्रवचन सोपे आहे. अडचण पुढे आहे.

पहिली अडचण अशी की, नातलगांकडेच का जावे? जगात अधिक दुःखी माणसे आहेत. प्रभू येशूने तर आई आणि भाऊ दाराशी आले असता देवाची इच्छा पाळणारा प्रत्येक जण माझा भाऊ, बहीण आणि आई आहे, असे सांगितले. मग आपल्या मावशीच्या घरी चार दिवस काढणे ही केवळ रक्ताची ओढ झाली. तिला पुण्य कसे म्हणावे? संत ऑगस्टीनने 'ख्रिस्ती शिकवणीविषयी' ह्या ग्रंथात ह्यावर एक विचार मांडला आहे, तो आम्हांला आजही पटतो. तो म्हणतो ते थोडक्यात असे: सर्वांवर सारखीच प्रीती करावी, पण सर्वांना साहाय्य करणे शक्य नसते. समजा, तुमच्याजवळ एकालाच पुरेल इतके काही आहे आणि समोर सारखेच गरजू असे दोघे आहेत. तर तुम्ही चिठ्ठ्याच टाकाल. त्याचप्रमाणे स्थळ, काळ आणि प्रसंग ह्यांमुळे जे तुमच्या अधिक निकट आले, ते जणू तुमच्या नावाने निघालेल्या चिठ्ठीत आले असे समजावे. म्हणजे नातलग हे आपल्या आवडीने निवडलेले नसतात. ते आपल्या वाट्याला आलेले असतात. संत थॉमस अक्वायनस ह्याने 'सुम्मा थिऑलॉजिका'त प्रीतीच्या क्रमाचा सविस्तर विचार केला आहे. तोही जवळच्यांचा हक्क मान्य करतो, मात्र दूरच्याची गरज तातडीची असेल तर क्रम बदलतो, हेही बजावतो.

चिठ्ठीचा हा दृष्टान्त आम्हांला प्रिय आहे, कारण तो नात्यातला अहंकार काढून घेतो. माझा मावसभाऊ चांगला आहे म्हणून मी त्याच्याकडे जात नाही. तो माझ्या चिठ्ठीत आला आहे.

आता पडघ्याकडे वळतो. मुंबई-नाशिक महामार्गावर भिवंडी मागे टाकल्यावर हे गाव लागते. महामार्गाने जाणाऱ्याला ते टोलनाका, धाबे आणि गोदामे एवढ्यावरूनच ठाऊक असते. जवळच्या आमणे येथे नागपूरहून येणारा ७०१ किलोमीटरांचा समृद्धी महामार्ग संपतो. त्याचा शेवटचा टप्पा जून २०२५ मध्ये खुला झाला. चंद्रपूरच्या औष्णिक केंद्रातून ७५२ किलोमीटर तारांवरून येणारी वीजही पडघ्यालाच उतरते. एवढ्या दूरच्या गोष्टी जेथे येऊन पोहोचतात त्या गावी आमचेही काही नातलग आहेत, आणि सुटीचे चार दिवस त्यांच्याकडे काढण्याचा आमचा परिपाठ आहे. पहाटेची मिस्सा झाली की भाचेमंडळींना घेऊन भातसा नदीच्या काठाने चालायला निघावे, उन्हे चढण्यापूर्वी जितके जाता येईल तितके जावे.

काठाची वाट सलग नाही. कधी ती भातखाचरांच्या बांधावरून जाते, कधी करवंदीच्या जाळीत शिरते, कधी एखाद्या कुंपणाशी संपते आणि पुन्हा दूरवर सापडते. मे महिन्यात खाचरे भेगाळलेली असतात, राब भाजून काळा झालेला असतो, आणि त्या करपलेल्या मुलखातून नदी मात्र वाहत असते. नवख्याला ह्याचे आश्चर्य वाटते. आपल्याकडच्या कितीतरी नद्या होळीनंतर डबक्यांपुरत्या उरतात. ही कशी वाहते? आमच्या धाकट्या भाच्याने हाच प्रश्न केला. "फादरमामा, हिला पाणी कुठून येतं?" त्याच्या आईने, म्हणजे आमच्या मामेबहिणीने, चालता चालता उत्तर दिले, "अरे, ते हिचं नाहीच. ते मुंबईचं पाणी आहे."

उत्तर अक्षरशः खरे आहे. शहापूर तालुक्यातील भातसा धरणातून मुंबईसाठी सोडलेले पाणी नळातून येत नाही, ते नदीच्याच पात्रातून खाली येते. पडघ्याच्या परिसरात पिसे येथे बंधाऱ्याशी ते उचलले जाते, पांजरापूर येथे शुद्ध होते आणि मग मोठ्या जलवाहिन्यांतून महानगराकडे जाते. विहार तलाव १८६० चा, तानसा धरण १८९२ चे, त्यानंतर वैतरणेवरची धरणे, आणि मध्य वैतरणा २०१४ चे. मुंबईची तहान अशी टप्प्याटप्प्याने उत्तरेकडे आणि पूर्वेकडे सरकत गेली. आज मुंबईला जे पाणी मिळते त्यातील जवळजवळ निम्मे एकट्या भातसेचे आहे. आणि ज्या शहापूर तालुक्यात भातसा आणि तानसा ही दोन्ही धरणे आहेत, त्याच तालुक्यातील कितीतरी पाड्यांना दर उन्हाळ्यात टँकरची वाट पाहावी लागते. वर्तमानपत्रांत ही बातमी एप्रिलमध्ये येते, जूनमध्ये जाते आणि पुढल्या एप्रिलमध्ये पुन्हा येते.

मुंबईचा माणूस सुटीत येथे येतो, नदीकाठी फिरतो, हवा किती छान आहे म्हणतो. तो ज्या नदीच्या काठी पाहुणा म्हणून चालत आहे, तिचेच पाणी त्याच्या घरच्या नळाला येते. म्हणजे तो चार दिवसांचा पाहुणा नव्हे. तो ह्या खोऱ्याचा बारमाही पाहुणा आहे. एवढेच की, उरलेले दिवस यजमान त्याला दिसत नाही.

अतिशयोक्तीचा आरोप आमच्यावर येईल. मुंबई पाण्याचे पैसे भरते. येथील तरुणांना गोदामांत, कारखान्यांत जी कामे मिळतात, ती मुंबई जवळ असल्यामुळेच. शिवाय चंद्रपूरची धूळ चंद्रपूरकरांनी खावी आणि वीज आम्ही वापरावी, ह्याचा हिशेब पडघ्याच्या माणसाने तरी कोठे मांडला आहे? असे मोजत बसलो तर घोटभर पाणीसुद्धा निर्मळ मनाने पिता येणार नाही. हा आक्षेप आम्ही हलका मानत नाही. मनुष्य जन्मतःच ऋणी आहे, आणि सर्व ऋण फेडून मोकळे होण्याची इच्छा हा गर्वाचाच एक प्रकार असू शकतो. ज्याला कोणाचेही काही देणे लागायचे नाही, त्याला कोणाशी नातेही नको असते.

परंतु फेडता न येणारे ऋण आणि न ओळखलेले ऋण ह्यांत फार अंतर आहे. पहिल्यातून कृतज्ञता निपजते, दुसऱ्यातून मिजास. दिवंगत पोप फ्रान्सिस ह्यांनी २०१५ च्या 'लौदातो सी' ह्या परिपत्रकात पिण्यायोग्य पाणी मिळणे हा मूलभूत मानवी हक्क असल्याचे स्पष्ट केले आणि ज्यांना ते मिळत नाही त्यांचे जग देणे लागते, असेही म्हटले. हक्क मुंबईच्या झोपडीतल्या बाईचाही आहे आणि शहापूरच्या पाड्यावरल्या बाईचाही आहे. धरण बांधू नये असे आमचे म्हणणे नाही. धरणाच्या पायथ्याशी घागर रिकामी का, एवढाच आमचा प्रश्न आहे. आणि तो अभियंत्याइतकाच पाणी पिणाऱ्यालाही विचारलेला आहे.

आता घराच्या आत या. पाहुणे आले की घरात कोणाची सुटी सुरू होते आणि कोणाची संपते? पुरुषमंडळी ओटीवर गप्पा मारतात, मुले हुंदडतात, आणि स्वयंपाकघरात घरची सून दोन तास आधी उठलेली असते. पाणी भरून ठेवायचे असते. चार माणसांचे पिंप दहा माणसांना पुरवायचे असते. ती तोंडाने काही बोलत नाही. उलट आग्रह करते, आणखी दोन दिवस राहा म्हणते, आणि तो आग्रह खोटाही नसतो. हीच तर गोम आहे. प्रीती आणि थकवा एकाच माणसात एकाच वेळी असू शकतात, हे पाहुण्याला कळत नाही, कारण त्याला फक्त प्रीतीच वाढली जाते.

शब्बाथाची आज्ञा पवित्र शास्त्रात दोनदा येते. निर्गमच्या पुस्तकात तिचे कारण दिले आहे ते असे की, देवाने सहा दिवसांत सृष्टी केली आणि सातव्या दिवशी विसावा घेतला. अनुवादच्या पुस्तकात कारण वेगळे आहे. तू मिसर देशात दास होतास हे आठव, आणि म्हणून तुझा दास व तुझी दासी ह्यांनाही तुझ्यासारखाच विसावा मिळू दे. सेमिनरीत आम्हांला हे दोन पाठ शेजारी ठेवून शिकवले गेले, तेव्हा ते परीक्षेपुरते महत्त्वाचे वाटले होते. वय वाढत गेले तसे दुसरे कारण पहिल्यापेक्षा मोठे वाटू लागले. पहिल्या कारणाने मी विसावतो. दुसऱ्या कारणाने मला विचारावे लागते की माझ्या विसाव्याच्या वेळी कोण राबत आहे. जर्मन तत्त्वज्ञ योसेफ पीपर ह्याने १९४८ मध्ये विसाव्यावर एक छोटेखानी ग्रंथ लिहिला. विसावा म्हणजे रिकामपण नव्हे, तर जे आहे ते ग्रहण करण्याची मनाची शांत तयारी होय, असे त्याचे प्रतिपादन. ग्रंथ उत्तम आहे. फक्त, ज्याच्या हातात लाटणे आहे त्याच्याविषयी तो फारसे बोलत नाही.

मार्था आणि मरिया ह्यांची गोष्ट येथे कोणी पुढे करील. प्रभूने मार्थेला दोष दिला नाही, तिच्या तगमगीकडे बोट दाखवले. पण आमच्या घरांत ह्या वचनाचा उपयोग अनेकदा विपरीत होतो. मार्थेला उपदेश करणारे सगळे मरियेच्या जागी बसलेले असतात आणि जेवायला मात्र मार्थेच्या पानावर येतात.

पहिल्या ख्रिस्ती लोकांना ह्या गोष्टीचे भान आमच्यापेक्षा अधिक होते. 'दिदाखे' नावाचे एक प्राचीन पुस्तक १८७३ मध्ये कॉन्स्टँटिनोपल येथे हस्तलिखितरूपाने सापडले. त्यात पाहुण्यांविषयी जे नियम आहेत ते वाचताना हसू येते आणि ओशाळायलाही होते. फिरता प्रेषित आला तर त्याचे प्रभूप्रमाणे स्वागत करावे, पण त्याने एकच दिवस राहावे, गरज असेल तर दुसरा. तिसऱ्या दिवशीही हलला नाही तर तो खोटा संदेष्टा समजावा. सामान्य वाटसरूला दोन किंवा तीन दिवस, आणि पुढे राहायचे असेल तर त्याने काम करावे. पुढे सहाव्या शतकात संत बेनेडिक्टने आपल्या नियमावलीच्या ५३ व्या अध्यायात प्रत्येक पाहुण्याला ख्रिस्त मानून स्वीकारावे असे लिहिले. दोन्ही नियम एकत्र धरले पाहिजेत. यजमानाने पाहुण्यात ख्रिस्त पाहावा, आणि पाहुण्याने तिसऱ्या दिवशी बादली उचलावी.

आपल्या भूमीत नदीकाठच्या दीर्घ पदयात्रेची जी सर्वांत थोर परंपरा आहे, ती नर्मदा परिक्रमेची. नदी १,३१२ किलोमीटर लांब. दोन्ही तीर मिळून चालायचे म्हणजे सुमारे २,६०० किलोमीटर. नदी सतत उजव्या हाताला ठेवायची, मध्ये कोठेही ओलांडायची नाही. परिक्रमावासी काठच्या गावांनी दिलेल्या अन्नावर, सदावर्तावर चालतो. गो. नी. दांडेकर ह्यांनी 'कुणा एकाची भ्रमणगाथा' लिहिली, अलीकडे भारती ठाकूर ह्यांनी आपल्या परिक्रमेचा अनुभव लिहिला. मराठी वाचकाला हा विषय नवा नाही. आमचा धर्म वेगळा असला तरी त्या नियमांतले शहाणपण आम्हांला परके वाटत नाही. ज्या काठाने चालायचे त्या काठाच्या माणसांवर अवलंबून राहावे लागते, आणि हे अवलंबून राहणे लपवता येत नाही. मागितल्याविना भाकरी नाही. मोटारीत डबा घेऊन जाणाऱ्याला हा धडा मिळत नाही. अर्थात, ह्या परिक्रमेचा जुना मार्गही आज पूर्वीसारखा उरलेला नाही. सरदार सरोवराचा जलाशय २०१९ मध्ये प्रथमच पूर्ण भरला. त्याच्या पाण्याने महाराष्ट्रातील ३३ गावे बाधित झाली. काठ बुडतो तेव्हा वाटसरूला भाकरी देणारे घरही बुडते.

भातसेच्या काठी सदावर्त नाही, पण माणसे आहेत. दिवाळीनंतर ह्या भागात वीटभट्ट्या लागतात आणि पावसाळ्याच्या तोंडाशी विझतात. मालकाकडून उचल घेऊन कातकरी कुटुंबे येथे येतात, विटांच्याच आडोशाच्या झोपड्यांत राहतात, आणि उचल फिटेपर्यंत राबतात. वेठबिगारी कायद्याने १९७६ मध्ये बंद झाली; उचल मात्र राहिली. आम्ही चालत होतो तेथे अशाच एका भट्टीवरची आठ-नऊ वर्षांची मुलगी डोक्यावर हंडा घेऊन नदीवरून वर चढत होती. आमच्या भाच्याच्या वयाची. त्याला त्या दिवशी शाळेची सुटी होती. तिला सुटी नव्हती, कारण शाळाही नव्हती. तो थांबून तिच्याकडे पाहत राहिला, तीही त्याच्याकडे पाहत राहिली. त्याने आपल्या पिशवीतली करवंदे पुढे केली. तिने हसून मान हलवली. करवंदे तिला काय नवी? पायी चालण्याचा एवढा तरी उपयोग आहे की, अशी दोन मुले एकमेकांना दिसतात. महामार्गाच्या पुलावरून नदी तीन सेकंद दिसते आणि ती मुलगी मुळीच दिसत नाही.

अम्माऊसच्या वाटेवरचे दोन शिष्यही पायीच चालत होते. लूक ते अंतर साठ स्तादिया सांगतो, म्हणजे साधारण अकरा किलोमीटर. आमच्या चालीने तीन तासांचे. अनोळखी सोबती पुढे जाण्याचा आव आणतो, ते दोघे त्याला राहण्याचा आग्रह करतात. हा आग्रह अगदी आपल्या कोकणातला वाटतो. आणि मग जेवणाच्या वेळी विलक्षण गोष्ट घडते. भाकर हातात घेऊन मोडतो तो पाहुणा. ज्याचे घर आहे त्याने वाढायचे, तर येथे आलेलाच वाढतो. पाहुणा आणि यजमान ह्यांची जागा बदलल्यावरच शिष्यांचे डोळे उघडले, ह्या तपशिलाकडे आम्हांला वाचकांचे लक्ष वेधायचे आहे.

जागा बदलण्याची वेळ आपल्यावर येते ती बहुधा सुटीत येत नाही. ती दवाखान्याच्या निमित्ताने येते. आपण गावी जातो मे महिन्यात, आंबे पिकल्यावर. गावचे आपल्याकडे येतात ऑगस्टमध्ये, तालुक्याच्या डॉक्टरांनी मोठ्या रुग्णालयात न्या असे सांगितल्यावर. दोन खोल्यांचे घर, मुलांचा अभ्यास, सकाळची लोकल, आणि त्यात आजारी मनुष्य व त्याच्यासोबत आलेली दोन माणसे. किती दिवस राहावे लागेल हे कोणालाच सांगता येत नाही. प्रभूने एकदा यजमानाला सांगितले की मेजवानीला नातलगांना बोलावू नकोस, कारण तेही तुला उलट बोलावतील आणि तुझी परतफेड होईल. ह्या वचनाने नातलगांचा हक्क नाहीसा होतो असे आम्हांला वाटत नाही. त्याने हिशेबावर बोट ठेवले आहे. रुग्णालयाच्या चिठ्ठ्या घेऊन दारात उभा असलेला नातलग उद्या परतफेड करील अशी स्थिती नसते. रक्ताचा असूनही तो त्या घडीला आंधळ्या-पांगळ्यांच्या पंगतीतला असतो.

आमच्या परिचयाचे एक कुटुंब ठाण्याला राहते. गेल्या पावसाळ्यात त्यांच्याकडे पडघ्याकडचे काका सतरा दिवस होते, सोबत काकू आणि मुलगा. आतली खोली त्यांना दिली गेली. नवव्या दिवशी घरात भांडण झाले, हे त्या घरच्या बाईनेच आम्हांला सांगितले, आणि कारण होते सकाळचे पाणी: इमारतीला तासभरच येते, पिंप एक आणि माणसे सात. रागाच्या भरात ती बोलून गेली. काकू काही बोलल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी पहाटे जाग आली तेव्हा पिंप भरलेले होते, कळशा भरलेल्या होत्या, आणि काकू स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी बसून तांदूळ निवडत होत्या. त्या बाईने त्यांच्या हातातले सूप काढून घेतले, स्वतः शेजारी बसली, आणि मग दोघींनी मिळून तांदूळ निवडले.